घाम गाळा, पण मीठ-पाणी सांभाळा



आपल्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात डोंगर धो धो वाहतात, आणि मे उजाडला की विहिरींचा तळ दिसतो. त्याच दिवसांत राबाची भाजणी, बांधबंदिस्ती अशी उन्हातली कामे असतात. कोणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले असते. घाम भरपूर, पाणी मात्र मोजून! म्हणून आज पिकाच्या नव्हे, शेत कसणाऱ्याच्या अंगातल्या पाण्याविषयी बोलू या.

घाम खारट लागतो, हे आपण जाणताच. वरकस उतारावरून पावसाचे पाणी जाताना माती घेऊन जाते, तसा घाम अंगातले मीठ घेऊन जातो. मीठ आणि त्यासारख्या क्षारांना डॉक्टर इलेक्ट्रोलाइट म्हणतात. हातपाय हलणे, काळजाचे ठोके पडणे, सारे त्यांच्या जोरावर चालते. ते घटले की पायात गोळे येतात, चक्कर येते, मळमळते. अशा वेळी नुसतेच पाणी ढोसले, तर अंगात उरलेले मीठ आणखी पातळ होते. पाण्याबरोबर मीठ आणि अन्नही हवे.

त्यासाठी विकतची बाटली नको. चिमूटभर मीठ घातलेली तांदळाची पेज, नागलीची आंबील, ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पुरते. केळी, डाळी आणि पालेभाजीतून पोटॅशियम मिळते. कामावर जाताना पाणी सोबत न्या आणि तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर प्या. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडते आहे असे समजा. मात्र रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर जादा मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

खरा धोका पुढे आहे, बरं का! पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरते आणि जुलाब सुरू होतात. आवणीच्या गडबडीत लेकराकडे दुर्लक्ष झाले, तर काही तासांत ते सुकून जाते. ‘जुलाब होतात तर पाणी तोडा’ ही समजूत घातक आहे.

1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजायला दिले. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजत. असंख्य जीव वाचले. साखर आतड्यातून रक्तात जाताना मिठाला हाताशी धरून नेते, आणि त्यांच्यामागे पाणी जाते.

आशाताईंकडून ओ.आर.एस.ची पुडी आणून घरात ठेवा. ती पुडीवर लिहिलेल्या मापानेच पाण्यात विरघळवा. पुडी नसेल तर असे करा :

1. एक लिटर पाणी उकळून गार करा.
2. चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला.
3. चव पाहा. अश्रूंपेक्षा खारट लागले तर फेकून नवे करा. जास्त मीठ बाळाला अपायकारक असते.
4. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्या. चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्या.
5. उरलेले पाणी 24 तासांनंतर वापरू नका.

अंगावरचे दूध आणि जेवण चालूच ठेवा. दवाखान्यातून जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या आणून 14 दिवस द्या.

डोळे खोल गेले, बाळ मलूल झाले, पिईनासे झाले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर भगताकडे वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि जव्हारचे कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा. वाटेतही पाणी पाजत राहा. उन्हात काम करणारा बरळू लागला, अंग तापले, तर सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

बियाणे आपण पेरणीआधीच घरात आणून ठेवतो. तशीच ओ.आर.एस.ची पुडी पावसाआधीच घरात आणून ठेवा, आणि हे माप घरातल्या प्रत्येकाला शिकवा.