बाईंनी काढलेली तंतुकणिका
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू मेडिकलच्या मुलांना शिकवतेस, तर आरोग्यावर बोल. पण जेवणाआधी संपव." घाबरू नका, श्रीखंड सोडा असं मी सांगणार नाही. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, कुणाला औषध देत नाही. आज मी माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे.

चूक जिच्या बाबतीत झाली ती आपल्याच वर्गातली, माझी बाकावरची शेजारीण. नाव घ्यायचं नाही या अटीवर तिने परवानगी दिली आहे. दर रविवारी पहाटे नॅशनल पार्कच्या गेटमधून शिरून कान्हेरीपर्यंत चालत जाऊन परत येणारी आपल्यात ती एकटीच. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तिला कोविड झाला. दहिसरच्या जंबो केंद्रात अकरा दिवस राहून ती घरी आली. सोसायटीत टाळ्या वाजल्या. आम्हाला वाटलं, सुटली.

तीन महिन्यांनीही तिला बोरिवली स्टेशनचा पूल चढवेना. गंमत म्हणजे चढताना फारसं काही होत नसे. व्हायचं ते दुसऱ्या दिवशी. अंग शिशासारखं जड, डोकं सुन्न, अंथरुणातून उठणं मुश्कील. ऑक्सिमीटर ९८ दाखवायचा. एक्स-रे, ईसीजी, इको, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी सांगितलं, मनाचे खेळ आहेत. आणि मी, तीस वर्षं पेशी शिकवणारी, तिला म्हणाले, "अगं, पडून पडून स्नायू गेलेत. रोज थोडं थोडं वाढव." एका रविवारी मीच तिला आग्रहाने पार्कात नेलं. कान्हेरी राहूच द्या, अर्ध्या वाटेवरून रिक्षा शोधायची वेळ आली. नंतर ती चार दिवस झोपून होती.

आता नववीच्या वर्गात या. बाईंनी फळ्यावर पेशी काढली होती, आणि तिच्यात चपलेच्या तळव्यासारखा एक आकार, आत घड्या. "ही तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाघर." परीक्षेला दोन मार्कांचा प्रश्न. मी दोन्ही मार्क मिळवले आणि पुढे त्यावरच पोट भरलं, बाई!

ऊर्जाघर म्हणजे किती? तंतुकणिकेशिवाय पेशीने साखरेचा एक रेणू अर्धवट जाळला, तर ऊर्जेची दोन नाणी मिळतात. तोच प्राणवायू वापरून तंतुकणिकेत पुरता जाळला, की साधारण तीस. आणखी एक गोष्ट बाईंनी तेव्हा सांगितली नव्हती, कारण पुस्तकात नव्हती. तंतुकणिका हा मुळात आपला अवयवच नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी एका पेशीत शिरलेला जिवाणू तिथेच भाडेकरू म्हणून राहिला, तो हा. म्हणून तिच्याकडे आजही स्वतःची ३७ जनुकं आहेत, आणि ती फक्त आईकडून येतात. हे आईकडून येणं माणसात १९८० मध्ये दाखवून दिलं ते डग्लस वॉलेस यांनी. त्यांचं नाव पुन्हा येणार आहे.

या भाडेकरूकडे दोन जास्तीची कामं आहेत. एक, धोक्याची घंटा. विषाणू शिरल्याचं कळलं की तंतुकणिकेच्या बाहेरच्या भिंतीवर बसवलेलं एक प्रथिन ती वाजवतं, आणि इंटरफेरॉन तयार होऊन शेजारच्या पेशी सावध होतात. दुसरं काम म्हणजे मरणाचा हुकूम. पेशी फारच बिघडली, तर तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर सांडतं आणि पेशी शिस्तीत स्वतःला संपवते. हेच सायटोक्रोम-सी एरवी आत बसून ऊर्जा निर्माण करायला हातभार लावतं. जगवणारा आणि मारणारा एकच! १९९६ साली हे कळलं तेव्हा जाणत्यांनाही आधी खरं वाटेना.

या शिस्तीच्या मरणाला १९७२ मध्ये एक ग्रीक नाव दिलं गेलं, अपॉप्टोसिस. अर्थ, पानगळ. पार्कातला साग उन्हाळ्याआधी पानं टाकतो, झाड मरत नाही. पण पेशीचं सगळंच मरण असं नसतं. आपल्या शाळेच्या रस्त्यावर आता प्रत्येक दुसरी इमारत पुनर्विकासाला गेली आहे. हिरवी जाळी लावतात, मजल्यामागून मजला उतरवतात, दारं-खिडक्या भंगारवाला घेऊन जातो. शेजाऱ्यांना धूळ सोडली तर त्रास नाही. ही पानगळ. आणि पावसाळ्यात एखादी जुनी चाळ रात्रीत कोसळते तेव्हा? शेजारच्यांचीही भिंत जाते, आरडाओरडा होतो, अग्निशमन दलाच्या गाड्यांनी गल्ली भरते. पेशीच्या अशा स्फोटक मरणाला पायरॉप्टोसिस म्हणतात. पायरो म्हणजे आग.

कोरोनाचा विषाणू या दोन्ही ठिकाणी हात घालतो. त्याचं ओआरएफ-९बी नावाचं चिमुकलं प्रथिन थेट तंतुकणिकेच्या भिंतीवरच्या टॉम-७० या प्रथिनाला चिकटतं, आणि घंटेचा आवाज दबतो. पहिले काही दिवस अनेकांना काहीच जाणवायचं नाही, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. दुसरीकडे तो पेशीला तंतुकणिका बाजूला ठेवून साखर अर्धवट जाळायला लावतो, कारण त्याला स्वतःच्या प्रती काढायला त्यातला कच्चा माल हवा असतो. मग फुटक्या तंतुकणिकांतून त्यांचा डीएनए बाहेर सांडतो. आणि तो तर मूळचा जिवाणूचा! शरीराला वाटतं, आणखी एक शत्रू आला. इंटरफेरॉनला आधी उशीर, मग दाहाचा अतिरेक, असा उलटा प्रकार होतो. रक्तातल्या मोनोसाइट या पहारेकरी पेशी विषाणू गिळतात आणि चाळीसारख्या फुटतात. रुग्णांच्या सुमारे सहा टक्के मोनोसाइटमध्ये विषाणू सापडल्याचं २०२२ मध्ये दाखवलं गेलं.

आपल्याजवळच, पवईच्या आयआयटीत प्रा. संजीव श्रीवास्तव यांच्या गटाने कस्तुरबा रुग्णालयाबरोबर मुंबईच्या कोविड रुग्णांच्या नमुन्यांतली प्रथिने मोजली. तिथेही पांढऱ्या पेशी आपला दारूगोळा बाहेर ओतत असल्याच्या खुणा ठळक दिसल्या. लॉकडाऊनमध्ये आपण भाजी धुऊन घेत होतो, तेव्हा ही माणसं हे करत होती.

आणि विषाणू गेल्यावर? २०२३ मध्ये वॉलेस यांच्या गटाने, म्हणजे आता ऐंशीकडे झुकलेल्या तंतुकणिकेच्या या पहिल्या पुजाऱ्याच्या माणसांनी, कोविडने गेलेल्यांचे अवयव तपासले. फुफ्फुसांत तंतुकणिकेची जनुकं पुन्हा कामाला लागलेली होती. पण हृदय, मूत्रपिंड आणि यकृतात ती दबलेलीच होती.

मग जानेवारी २०२४ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांचा निबंध आला. श्रमानंतर त्रास वाढणारे दीर्घ कोविडचे २५ रुग्ण आणि कोविड होऊन बरे झालेली २१ माणसं. सगळ्यांना सायकल चालवायला लावली, आणि आधी व दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा तुकडा घेतला. रुग्णांच्या स्नायूंत तंतुकणिकांचं काम मुळात मंद होतं, श्रमानंतर ते आणखी घसरलं, आणि काही स्नायूतंतू मेलेले दिसले. हृदय-फुफ्फुसांत हे समजावून सांगेल असं काही नव्हतं. अभ्यास लहान आहे, सगळ्यांच्या थकव्याचं कारण हेच असं मी म्हणणार नाही. खात्रीचं औषधही अजून नाही.

तो निबंध मी रात्री वाचला आणि मला पार्कातला तो रविवार आठवला. मी तिला सांगितलेला उपाय तिच्या स्नायूंना इजा करणारा ठरला असण्याची शक्यता होती. मला निदान शंका तरी यायला हवी होती. ऑक्टोबर २०२१ मध्येच ब्रिटनच्या नाइस संस्थेने अशाच जुनाट थकव्याच्या आजारात ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली होती. मी ते वाचलं नव्हतं, कारण ती "आपली गं, मी ओळखते तिला" होती. सकाळी फोन करून तिला सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" तीन वर्षं ती हा प्रश्न घेऊन जगत होती, आणि मी तिच्या शेजारच्या बाकावर होते!

सगळ्यांना व्यायाम वाईट असं ऐकू नका. आपल्यापैकी बहुतेकांनी चालायलाच हवं, मधुमेहाची यादी मी चहाच्या वेळी पाहिली आहे. पण ज्याला श्रमाच्या दुसऱ्या दिवशी कोसळायला होतं, त्याला "जोर लाव" म्हणू नका. त्याच्या डॉक्टरांशी बोला. ती आता दिवसाची ऊर्जा पगारासारखी वाटून वापरते. स्वयंपाक केला तर बाजार नाही. आज इथे येण्यासाठी तिने गुरुवारपासून काही केलेलं नाही.

जेवण दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट अजून १९८४ सारखीच, म्हणजे नाहीच. तिचं ताट मी खाली आणणार आहे. पिंपळाच्या पारावर बसू. ज्यांना तिच्याशी गप्पा मारायच्या आहेत त्यांनी आपापली ताटं घेऊन खाली या. बाई, तुमचंही ताट आणते, तुमच्या गुडघ्यांचं मला माहीत आहे.