माइकवाल्याला शेवटचा हप्ता देण्याआधी

गटाच्या काजू युनिटात प्रशिक्षणाची खोली करताना माइक, स्पीकर, पडदा बसवायला स्वतंत्रपणे काम करणारा तंत्रज्ञ बोलावलात, तर त्याला खोली भर पावसात दाखवा. आपला रत्नागिरीचा पाऊस पत्र्यावर कोसळताना मागच्या बाईला ऐकू येतं का, ते तेव्हाच कळतं. स्पीकर बोलणारीच्या पुढे हवेत. मागे ठेवले, की त्यांचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते. माइक दोन वितींवरून एका वितीवर घेतला, की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, तोही फुकट!

आता पैशाचं. एका बटणावर सगळं चालू करणारा प्रोग्रॅम तंत्रज्ञच लिहितो. त्याची प्रत, पासवर्ड आणि तारांचा नकाशा हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. उद्या तो मुंबईला गेला, तर दुसऱ्याला सगळं नव्याने लिहावं लागतं, आणि तो खर्च गटाच्याच माथी बसतो.