आधी हाड, मग नाव

निंबर्ग्याच्या एका अंगास कलबुर्गी, दुसऱ्या अंगास सोलापूर. दोन्हीकडची वैद्यकीय महाविद्यालये १९६३ सालची. प्रवेशपरीक्षा आता मराठीत वा कन्नडात देता येते. पुढील शिक्षण मात्र इंग्रजीतून. घरी हाड, कन्नड शेजाऱ्याकडे एलुबु, वर्गात बोन! बिचारी मुले २०६ हाडांची नावे घोकीत बसतात. माझे सांगणे असे, की हाड प्रथम स्वतःच्या अंगावर चाचपावे. नडगीवरून बोट फिरवा. तिच्या पुढल्या कडेवर मांस नाही, केवळ कातडी. तेथला मार इतका झोंबतो तो म्हणूनच. आता कोपर टेकवून उताणा तळहात पालथा करा. कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचे दुसऱ्यावरून आडवे जाते. त्याचे नाव रेडियस. ते आता वहीत उतरून घ्यावे.