मंत्र्यांचे उत्तर कसे ऐकावे

श्रोतेहो, कोल्हापूरला आगगाडी आली 1891 साली, मिरजेहून. आणि इथेच थांबली. पुढे सह्याद्री आडवा. त्याच्या पलीकडे 1998 पासून कोकण रेल्वे रोहा ते मंगळूर सलग धावते आहे. मधे आपल्या गुळाला न् तिकडच्या आंब्याला वाट ती गगनबावड्याच्या घाटाची. पावसाळ्यात दरड कोसळली, की तीही बंद!

2016 साली श्री. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना कोल्हापूर–वैभववाडी हा 100 किलोमीटरांहून थोडा अधिक मार्ग अंदाजपत्रकात आला. त्यावर कितीतरी पावसाळे गेले, गाडी काही आली नाही. मग मंत्री खोटे बोलले काय? तसे नव्हे. आपण शब्द नीट ऐकत नाही.

लोकसभेत तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताचे उत्तर लेखी. तिथे उपप्रश्न नाही. उत्तरात ‘पाहणी झाली’ म्हणजे नकाशावर रेघ ओढली. ‘मंजूर’ म्हणजे यादीत नाव चढले. जमीन, पैसा, निविदा हे सारे त्यापुढचे. साखरपुडा झाला म्हणून मांडव पडलेला नसतो, हे आपल्या घरच्या बायकांना पक्के ठाऊक असते!

गुरुजी, ही उत्तरे लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. एखादे वर्गात वाचा आणि मुलांना विचारा, यंदा रुपये किती दिले? आकडा सापडला नाही, तर तेवढाच प्रश्न खासदारांना लिहून धाडा. त्यांना सूचना 15 दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा पत्र अधिवेशनाच्या आधी टाका.