यात्रेतील आजाऱ्यांची सोय

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



येत्या चैत्रात महाकालीच्या यात्रेत मंडळाने औषधोपचाराचे केंद्र चालवावे, असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. त्यावर मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. माझे सारे आयुष्य परिचारिकेच्या नोकरीत, ह्याच दोन जिल्ह्यांच्या दवाखान्यांत गेले, एवढाच काय तो माझा अधिकार. ठरावाला माझा पाठिंबा आहे. मात्र केंद्र म्हणजे एक टेबल, पांढरी चादर, कापूस, आयोडीनची बाटली आणि मागे मंडळाच्या नावाचा फलक, एवढेच आपल्या मनात असेल तर ह्या खटाटोपात पडू नये. यात्रेत माणूस दगावतो तो बोटाला खरचटल्यामुळे नाही. तो उन्हाने, तहानेने आणि वाट न मिळाल्याने दगावतो. आणि ह्या तिन्ही गोष्टी यात्रेच्या कितीतरी आधी, कोणत्या तरी बैठकीत ठरून गेलेल्या असतात. त्या बैठकीत आपण असतो का, हा माझा प्रश्न आहे.

१६ एप्रिल २०२३ चा खारघरचा प्रसंग आपणांस आठवत असेल. महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा समारंभ होता. लाखो लोक उघड्या मैदानात बसले होते आणि कार्यक्रम भर दुपारपर्यंत चालला. उष्माघाताने १४ माणसे गेली. पारा ३८ अंशांच्या आसपास होता म्हणतात. आपल्या चांद्याच्या माणसाला ३८ अंशांचे काय कौतुक! पण तेथे समुद्राकाठची दमट हवा, अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. डॉक्टरांची पथके आणि रुग्णवाहिका तेथेही होत्या. कमी पडली ती सावली, आणि चुकली ती वेळ. समारंभ किती वाजता ठेवायचा हा प्रश्न पाहुण्यांच्या सोयीचा समजला जातो. माझ्या मते तो आधी वैद्यकाचा आहे.

आपल्या यात्रेचे दिवस तर ऐन चैत्रातले. नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून माणसे येतात, झरपटीच्या काठी उघड्यावर मुक्काम करतात, तीन दगडांच्या चुलीवर दुपारी स्वयंपाक करतात. बाहेर ऊन आणि पुढ्यात जाळ, अशी ती बाई बसलेली असते. तिला घेरी आली की भोवती माणसे गोळा होतात, कोणी कांदा हुंगवतो, कोणी तोंडात पाणी ओततो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नये. ते श्वासनळीत जाते. अंग तापलेले आहे, माणूस असंबद्ध बोलतो आहे किंवा शुद्ध हरपली आहे, असे दिसले की तो उष्माघात समजावा आणि तेथेच, त्या क्षणी, अंग थंड करायला लागावे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी घालून वारा घालावा, बर्फ मिळाला तर काखेत, मानेशी आणि जांघेत ठेवावा. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही. गाडी येईपर्यंत आणि गाडीतसुद्धा हे चालू राहिले पाहिजे. रुग्णालयात पोचल्यावर बघू म्हणणे म्हणजे त्या माणसाच्या मेंदूला आणखी अर्धा तास भाजत ठेवणे होय. म्हणून केंद्रात औषधांच्या पेटीआधी पाण्याची टाकी, बर्फाची लादी, जुनी लुगडी आणि सुपे-पंखे हवेत. हे सामान आपल्या घरोघरी आहे.

आता जे बोलणार आहे ते पुरुषमंडळींच्या बैठकीत कोणी बोलत नाही. यात्रेत बाई पाणी पीत नाही. पाणी नसते म्हणून नव्हे; प्यायले तर जायचे कुठे, म्हणून. सकाळपासून ती ओठ ओले करून दिवस काढते, आणि संध्याकाळी आम्हांकडे येते तेव्हा लघवीला जळजळ, डोके फुटलेले, पोटऱ्यांत गोळे. पाणपोया वाढवून हे सुटणार नाही. दारे असलेली, पाण्याची, उजेडाची स्वच्छतागृहे जवळ असली तरच ती पाणी पिईल. स्वच्छतागृह हा आजाऱ्यांच्या सोयीचा भाग धरावा आणि तो आराखड्यात मांडावा, असा आग्रह आपण बायकांनीच धरायला हवा. पंढरीच्या वारीत राज्य महिला आयोगाने २०२२ साली ‘आरोग्य वारी’ सुरू केली, तिच्यात ह्या गोष्टींचा विचार झाला. तो देवीच्या यात्रेत का होऊ नये? आणखी एक. यात्रेसाठी पाळी लांबवण्याच्या गोळ्या पुष्कळजणी परस्पर दुकानातून आणून घेतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत, एवढे सांगून पुढे जाते.

तिसरी गोष्ट वाटेची. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीला जवळजवळ ३०० माणसे चेंगरून आणि भाजून मेली. अरुंद चढण, दोन्ही बाजूंना दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, त्यात दुकानांना लागलेली आग. बाहेरून मदत आत जायला वाट नव्हती. आपल्या यात्रेतही दुकाने रोज थोडी थोडी पुढे सरकतात. पहिल्या दिवशी रुग्णवाहिका जाईल असा रस्ता पौर्णिमेपर्यंत सायकलीपुरता उरतो. शहरात रुग्णालय काही मिनिटांवर आहे ह्यावर भिस्त ठेवू नये, ती मिनिटे गर्दीत मोजून पाहावीत. एक वाट दोरी बांधून मोकळी राखावी आणि रोज सकाळी कोणी तरी ती पायी चालून तपासावी. १०८ ला कळवताना गाडीने कोठे थांबायचे ती जागा आधीच ठरलेली असावी. ‘देवळापाशी या’ हा काही पत्ता नव्हे.

गडचिरोलीकडच्या भगिनी आज आल्या आहेत, म्हणून मार्कंड्याबद्दलही सांगते. तेथे महाशिवरात्रीला माणूस पहाटेच्या गारठ्यात वैनगंगेत उतरतो आणि दुपारी तापल्या वाळूत उभा असतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. गार पाण्यातले स्नान, उपास, कमी पाणी, लांब चाल, ह्यांतली प्रत्येक गोष्ट त्यांच्या दुखण्याला निमंत्रण देणारी. हातपाय धरून कळवळणारे पोर दिसले की ‘थकले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. कार्ड आहे का विचारावे, ऊब द्यावी, पाणी पाजावे, चामोर्शीच्या रुग्णालयात धाडावे. नदीकाठी पट्टीचे पोहणारे आणि दोर ही तेथली पहिली औषधे आहेत. आणि जंगलाच्या आतल्या जत्रांना, जेथे फोन लागत नाही, तेथे कोणती गाडी कोणाच्या दारात उभी राहील आणि रात्री तिचा चालक कोठे निजेल, हे आदल्या दिवशी ठरलेले हवे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. दुपारच्या वेळी २०,००० माणसे धरली आणि माणशी दोन लिटर धरले तर ४०,००० लिटर झाले, म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर, आणि तेही फक्त पिण्याचे. असा आकडा कागदावर मांडून नेला की अधिकारी ऐकतात. ‘पाण्याची सोय व्हावी’ एवढेच लिहिलेला अर्ज फायलीत राहतो. साखर-मिठाचे पाणीही मापाने व्हावे: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नये, स्वयंपाकात आपला हात कितीही बसलेला असो.

तेव्हा ठरावात माझी दुरुस्ती अशी. देवस्थान, महानगरपालिका, पोलिस आणि आरोग्य विभाग ह्यांची यात्रेपूर्वीची जी बैठक होते तिला मंडळाच्या दोघीजणी जाव्यात आणि सावली, स्वच्छतागृहे व मोकळी वाट ह्यांची मागणी लेखी द्यावी. वीसजणींनी शासकीय रुग्णालयातून प्रथमोपचार शिकून घ्यावा. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा कशी दाबायची, हे पाहून येत नाही, हाताने करावे लागते. केंद्रात एक वही ठेवावी: कोणत्या वेळी, कोणत्या जागी, काय झालेला माणूस आला. नाव नसले तरी चालेल. पुढल्या वर्षी सावली कोठे हवी ते ती वही सांगेल.

नावे आजच चिटणीसबाईंकडे द्यावीत. पाळ्या दोन दोन तासांच्या राहतील आणि दुपारी १२ ते ४ मध्ये साठीच्या पुढच्या कोणी बसायचे नाही, मी धरून.