चित्रदालनाची भिंत कोणाची?

(उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर येथे उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



सांस्कृतिक केंद्रातील चित्रदालन ही पोट भरलेल्या लोकांच्या करमणुकीची जागा आहे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ज्या समाजाचा भाकरीचा व नोकरीचा प्रश्न अद्यापि सुटलेला नाही, त्याने चित्रप्रदर्शनाची उठाठेव कशाला करावी, असे आपण विचाराल. ही समजूत चुकीची तर आहेच. शिवाय ती आपल्या हिताला घातक आहे.

सन १९३४ मध्ये परमपूज्य बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांनी प्रवासाची धूळ तेथील तळ्याच्या पाण्याने धुतली. तेवढ्यावरून तळे बाटल्याचा गिल्ला झाला. पुढे किल्ला पाहू दिला, तो कोठेही पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर आणि पाळतीला हत्यारबंद शिपाई देऊन! ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपल्याकरिता पाहणे हासुद्धा हक्काचाच प्रश्न होता, हे तिच्यावरून उघड होते.

आज कायदा काय सांगतो? संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते व सार्वजनिक जागा जातिभेदाविना सर्वांना खुल्या केल्या आहेत. १९ व्या अनुच्छेदाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि चित्र ही अभिव्यक्तीच होय. येथे उस्मानपुऱ्यात महानगरपालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर उभे आहे. असे रंगमंदिर असो, ग्रंथालय असो, की चित्रदालन असो, ते जनतेच्या पैशावर चालते आणि त्या पैशात आपल्या घामाचाही वाटा असतो. म्हणून तेथील भिंत मागणे ही याचना नव्हे.

परंतु हक्क कागदावर असणे निराळे आणि हातात असणे निराळे. ‘बौद्धांस मज्जाव’ अशी पाटी आता कोणी लावणार नाही. न परवडणारे भाडे, कोणास न कळणारी अर्जाची मुदत, ओळखीपाळखीची निवड समिती आणि ‘विषय वादग्रस्त आहे’ हा शेरा, एवढ्याने दार बंद होऊ शकते. विचारले तर ‘येथील पद्धतच अशी आहे’ हे उत्तर मिळते. पद्धतीचा हा आधार किती ठिसूळ असतो, हे महाडने दाखविले आहे. १९२७ च्या सत्याग्रहानंतर चाललेल्या चवदार तळ्याच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. तेव्हा पद्धतीचे नाव काढणाऱ्यास पुरावा मागावयास शिका.

कोणी म्हणेल, चित्रकला आमची परंपरा नव्हे. त्याने अजिंठ्याकडे पाहावे. तेथील नवव्या व दहाव्या लेण्यांत उपासनेसाठी नुसता स्तूप आहे. एकोणिसाव्या व सव्विसाव्या लेण्यांत त्याच स्तूपावर भगवंतांची मूर्ती प्रकट झाली आहे. सोळावे लेणे वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने दान केले, तर सव्विसाव्याचा शिलालेख बुद्धभद्र भिक्षूचा आहे. मंत्री आणि भिक्षूच दाते होते असेही नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुताराचे व सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव दगडावर कोरलेले आहे. धम्माच्या भिंतीवर श्रमणाऱ्या माणसाच्या नावाला स्थान होते. ते मनुस्मृतीच्या समाजाने काढून घेतले.

अजिंठ्याचा हा धागा थेट संविधानापर्यंत येतो. तरुणपणी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारे नंदलाल बोस यांनीच पुढे आपल्या शिष्यांसह संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत चित्रांनी सजविली. त्या प्रतीत भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रसंग आहे आणि सम्राट अशोकाच्या धम्मप्रसाराचेही चित्र आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण धम्म स्वीकारला, तेव्हा आपल्या घरांच्या भिंती बदलल्या. जुन्या देवदेवतांच्या तसबिरी उतरल्या आणि भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमा आल्या. आता सार्वजनिक भिंतीची पाळी आहे. इतरांनी काढलेल्या चित्रांत आपण वाकलेले व दीन असेच दिसणार असू, तर आपली मुले स्वतःला तसेच मानू लागतील. ताठ उभा राहिलेला माणूस आपल्याच चित्रकाराने काढला पाहिजे.

म्हणून तीन कामे हाती घ्या. प्रत्येक सार्वजनिक चित्रदालनाचे भाडे, मुदत व निवडीचे नियम माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये लेखी मागा. वस्तीतील चित्रकाराचा अर्ज एकट्याच्या नव्हे, संस्थेच्या पाठबळाने जाऊ द्या, आणि नकार आल्यास तोही कारणांसह लेखी घ्या. तिसरे काम सर्वांत मोठे आहे. प्रदर्शन कोणाचेही असो, मुलांना घेऊन तेथे जा. रिकाम्या दालनात हक्क टिकत नाही.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला आणि ते नाव १९९४ मध्ये लागले. एका नावासाठी या समाजाने सोळा वर्षे दम धरला. चित्रासाठी एक अर्ज लिहिण्याचा दम आपणांत निश्चित आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!