जॉन हाउलंडच्या बायकोचं माहेर



अमेरिकेत वंशावळीचं वेड भारी, आणि त्यात पहिला मान मेफ्लॉवर जहाजाचा. 1620 साली 102 प्रवासी घेऊन ते इंग्लंडहून निघालं. प्लिमथला वसाहत झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसं दगावली. उरलेल्यांपैकी कुणाशी तरी आपलं नातं लागावं, म्हणून लोक आजही जुनी दप्तरं चाळत बसतात. मी त्यातला एकच माणूस घेतो : जॉन हाउलंड.

वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर, त्यांचा हा नोकर. वादळात डेकवर आला आणि थेट समुद्रात गेला. शिडाचा एक दोर बाहेर लोंबत होता, तो हाती लागला म्हणून वाचला. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश याच्याच वंशातले. दोर हुकला असता तर अमेरिकेला तीन अध्यक्ष दुसरीकडून आणावे लागले असते!

आता याची बायको कोण? एलिझाबेथ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणाची लेक? घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, की गव्हर्नर कार्व्हरांची. एकोणिसाव्या शतकात ते छापूनही येत होतं. वास्तविक कार्व्हर नवरा-बायको 1621मध्येच वारले, आणि मेफ्लॉवरवर त्यांच्यासोबत त्यांचं मूल नव्हतं. पण आपला मूळपुरुष नुसता नोकर म्हणण्यापेक्षा गव्हर्नरचा जावई म्हणणं कुणाला आवडणार नाही?

हा घोळ मिटला तो लंडनमध्ये. पुढचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी वसाहतीचा इतिहास हाताने लिहून ठेवला होता. ते बाड बॉस्टनमधून नाहीसं झालं आणि 1855च्या सुमारास लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात, फुलम पॅलेसमध्ये, त्याची ओळख पटली. 1856मध्ये ते छापलं गेलं. शेवटी एक यादी आहे : जहाजावर कोण कुणाबरोबर आलं, आणि तीस वर्षांनी त्यांचं काय झालं. कोण मेलं, कोणाचं लग्न कुणाशी, मुलं किती. आपल्या नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवाव्यात, अशी यादी. फरक एवढाच, की तिथे यजमान स्वतः सांगतो, इथे शेजारी लिहितोय. आणि शेजाऱ्याला कुणाची पत वाढवायची नसते. त्यात हाउलंडच्या नावापुढे स्वच्छ नोंद आहे : बायको जॉन टिलीची मुलगी, मुलं दहा.

म्हणजे एलिझाबेथ टिली. आई-बाप दोघंही पहिल्या हिवाळ्यातच गेले, तेव्हा ही जेमतेम तेरा वर्षांची. गव्हर्नरची लेक कुठली, पोरकी पोर ती.

माझा अनुभव असा, की वंशावळीतला कच्चा दुवा बहुधा बाईपाशी सापडतो. जमीन, कर, पंचायती, सगळीकडे नाव पुरुषाचं. बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतर कागदावरून पुसलं जातं. मग तिथे हवं ते भरायला जागा मोकळीच! म्हणून आपल्यापासून मागे जाताना दर पिढीला कागद लागतो, जन्माचा, लग्नाचा, मृत्युपत्राचा. नुसतं आडनाव जुळून भागत नाही. तारखांतही गोम आहे. इंग्रजांचं वर्ष 1752पूर्वी 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे हाउलंडच्या मृत्यूचा फेब्रुवारी जुन्या हिशेबाने 1672, आपल्या हिशेबाने 1673. हे माहीत नसलं, तर बापाच्या मरणानंतर वर्षाने मूल जन्मल्यासारखं दिसतं.

एलिझाबेथबाई शेवटी वसाहतीतल्या स्वान्सी गावी लेकीकडे राहिल्या. 1686 सालच्या मृत्युपत्रात त्या आपलं वय 79 सांगतात. इंग्लंडात हेन्लो गावच्या चर्चमध्ये टिलींच्या एलिझाबेथचा बाप्तिस्मा 1607चा. वजाबाकी करून पाहा. मृत्युपत्रात जमीनजुमल्याचा थाट नाही : मोठं बायबल जावयाला, पिसांची उत्तम गादी लेक लिडियाला, कुणाला चादरींची जोडी. पण तीन लेकींची नावं सासरच्या आडनावासकट दिली आहेत : डिकिन्सन, ब्राउन, बॉसवर्थ. या घराण्यांतल्या वंशजांना हाउलंडपर्यंत पोचायला हाच कागद लागतो.